बारा मिलिमीटर

हाताने जोडे शिवणाऱ्या त्या दुकानाच्या दर्शनी काचेत, नव्या जोडांच्या रांगेशेजारी, एक वापरलेला बायकी जोड उलटा मांडून ठेवलेला असे. सोल गिऱ्हाइकाकडे, तोंड भिंतीकडे. खालच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले होते : ‘दोन वर्षे, रोज आठ किलोमीटर.’ गिऱ्हाईक वाकून पाही. सोलवरच्या रेघा बोटाला लागण्याइतक्या शाबूत असत, टाचेची कड कालच कापल्यासारखी असे. दर दोन वर्षांनी तिथे दुसरा जोड येई, कारण दर दोन वर्षांनी दुकानाचे मुख्य कारागीर आपल्या बायकोला नवा जोड शिवून देत आणि जुना काचेत ठेवत. बायको पाणीपुरवठा कार्यालयात मीटरवाचक होती. दारोदार फिरून मीटरवरचे आकडे टिपणे हे तिचे काम. आठ किलोमीटरचा आकडा कार्यालयातल्या नकाशावरून घेतलेला होता, त्याबद्दल शंका नव्हती. शंका जी घ्यायला हवी होती, ती मात्र इतक्या वर्षांत कोणी घेतली नाही.

या कारागिरांना सगळे नजरमास्तर म्हणत. या नावामागची हकीकत दुकानात तीन प्रकारे सांगितली जाई. एका प्रकारात मास्तरांनी पाय रस्त्यापलीकडून पाहिला होता. दुसऱ्यात पायावर मोजा होता. तिसरा प्रकार सर्वांत साधा, आणि म्हणूनच बहुधा खरा. सव्वीस वर्षांपूर्वी काम मागायला आलेल्या या तरुण कारागिराने दुकानाच्या मालकापुढे, म्हणजे वस्तादांपुढे, फुशारकी मारली : “मला कागद-पेन्सिल लागत नाही. पाय पाहिला की आकडा दिसतो.”

वस्तादांनी हातातली आरी खाली ठेवली नाही. “बाहेर बाकावर कोण बसलंय?”

“आमची मंडळी. लग्नाला दोन महिने झाले.”

“मग तिचाच जोड कर. पायाला हात लावायचा नाही, तिला विचारायचं नाही. बसला तर कामावर ये. नाही बसला तर दोघं मिळून दुसरं दुकान शोधा.”

चौथ्या दिवशी नऊ कारागिरांच्या देखत त्या नव्या नवरीने जोड पायात घातला, गल्ल्यापासून दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, “बरोबर बसले.” त्या दिवसापासून ते नजरमास्तर झाले. त्या जोडाचे कलबूत, म्हणजे ज्यावर चामडे ताणून जोडा घडवतात तो पायाचा लाकडी साचा, सत्तेचाळीस नंबर घालून खिळ्याला टांगण्यात आले, आणि पुढचे सगळे जोड त्याच्यावरच शिवले गेले.

त्याच आठवड्यात वस्तादांनी भिंतीवर पाटी लावली : ‘प्रत्येकाचे माप कागदावर. अपवाद नाही.’ नव्याने कामाला लागलेल्यांना मास्तर या पाटीचा अर्थ समजावून सांगत : “सगळ्यांची नजर सारखी नसते रे. कच्च्या नजरेच्या माणसांसाठी आहे ती.” ते स्वतः नियम पाळत, पण पाहुणे म्हणून गेल्यावर दुसऱ्यांदा वाढून घ्यावे तसे, केवळ मान राखायला म्हणून. सव्वीस वर्षांत हजारो पाय त्यांच्या कागदावर उभे राहून गेले. उभा राहिला नव्हता तो एकच.

त्या वर्षी बायकोची फेरी संपणार होती. पुढच्या महिन्यापासून तिला कार्यालयात टेबल मिळणार होते. शेवटच्या फेरीला तिच्या पायात नवा जोड असावा, आणि तो तिला आधी कळू नये, असे मास्तरांच्या मनात आले. नेहमीच्या जोडाला अजून वर्ष होते, त्यामुळे तिला संशय येण्याचे कारण नव्हते. त्यांनी मऊ तपकिरी चामडे निवडून बाजूला काढले आणि सत्तेचाळीस नंबर खिळ्यावरून उतरवला. भिंतीच्या ओलीने तो चवड्यापासून टाचेपर्यंत उभा तडकला होता.

कलबूत कापणारा म्हातारा दोन गल्ल्या पलीकडे बसे.

“सत्तेचाळीस नंबर पुन्हा करून द्या.”

“कागद?”

“जुनं कलबूत समोर आहे की.”

“तडकलेलं लाकूड फुगतं. त्याच्यावरून मी नवं कापत नाही. पायाचा कागद आणा.”

“अहो, बायकोचा पाय आहे. मला पाठ आहे.”

“मास्तर, मला माझ्या बायकोचा वाढदिवसही पाठ आहे. तरी दर वर्षी बोलणी खातो. कागद आणा.”

अशा रीतीने, सबंध गावाचे पाय मोजणाऱ्या माणसावर स्वतःच्या घरात चोरून माप घेण्याची वेळ आली. पहिल्या दिवशी न्हाणीघराबाहेर उमटलेले ओले पाऊल त्यांनी खडूने गिरवायचे ठरवले. खडू सापडेपर्यंत पाऊल वाळून गेले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी पावडर पसरली, ती बायकोने झाडूने गोळा केली आणि विचारले, “जमिनीला घाम येत होता का?” तिसऱ्या दिवशी छापखान्यात काम करणाऱ्या लेकीकडून त्यांनी कार्बनपेपर मागवला, दोन पांढऱ्या कागदांमध्ये तो घातला आणि ती घडी ओट्यापुढच्या पातळ पायपुसण्याखाली सरकवून दिली.

सकाळी बायको चहा उकळेपर्यंत तिथेच उभी होती. “पायाखाली काहीतरी कुरकुरतंय,” ती म्हणाली.

“पायपुसणं धुतलंय. कडक झालं असेल.”

“कुणी धुतलं?”

“मी.”

तिने मागे वळून नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले. मग चहा ऊतू जाऊ लागला म्हणून प्रश्न तिथेच राहिला.

ती कामावर गेल्यावर मास्तरांनी कागद खिडकीशी नेला. ठसा स्वच्छ होता. टाच, चवडा, पाचही बोटे. त्यांनी पट्टी लावली. दोनशे चाळीस मिलिमीटर. त्यांनी पट्टी बदलली. दोनशे चाळीस.

यात बिचकण्यासारखे काय होते, ते त्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. कलबूत पायापेक्षा बारा मिलिमीटर लांब ठेवतात. चालताना बोटांना पुढे सरकायला तेवढी जागा लागते. सत्तेचाळीस नंबर दोनशे चाळीसचा होता, म्हणजे दोनशे अठ्ठावीसच्या पायासाठी. बायकोचा पाय जोड्याच्या आतल्या लांबीइतकाच भरत होता. बोटे कुठे जात असतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो परतवून लावला. कागद सरकला असेल. ती मध्येच पुढे झाली असेल.

पुढच्या दोन दिवसांत दोन ठसे घेतले. दोनशे एकेचाळीस, दोनशे चाळीस. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती आडवी झाली असताना त्यांनी दोरा घेऊन टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरला.

“अहो,” ती डोळे न उघडता म्हणाली, “माशी बसलीय का पायावर?”

“हो. उडाली.”

दोरा दोनशे चाळीस भरला. त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, जी कागदावर नुसती डागासारखी दिसत होती. दोन्ही करंगळ्या शेजारच्या बोटाखाली दुमडून गेल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या असे नाही. जन्मतःच तशा असतील असे ते धरून चालले होते.

संध्याकाळी लेक घरी आली. आई शेजारी गेली आहे हे पाहून तिने हळूच विचारले, “जमलं का माप, बाबा?”

“काहीतरी घोळ आहे. आकडा मोठा येतोय.”

“मग एवढा खटाटोप कशाला? आईच्या ऑफिसातल्या कपाटात तिचे फेरीचे बूट असतात, त्यांच्या तळाला नंबर छापलेला आहे. मी बघून येते.”

“कोणते बूट?”

लेकीने आधी हसून पाहिले, मग तिचे हसू ओसरले. “तुम्हाला माहीत नाही?” ती म्हणाली. “मी शाळेतून तिच्या ऑफिसात जायचे तेव्हापासून आहेत, बाबा. म्हणजे तेच नाहीत, ते झिजतात, दर वर्षी नवे घेते. तुमचे कपाटात ठेवते आणि ते घालून फेरीला जाते. मला वाटलं, हे तुमचं आपापसात ठरलेलं आहे.”

मास्तरांनी मनात अंतर मोजले. घरापासून बसथांब्यापर्यंत दीडशे पावले होती. बस कार्यालयाच्या दारात थांबे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यांनी काचेतला जोड बाहेर काढला आणि प्रथमच तो दुसऱ्या कोणाचा जोड तपासावा तसा तपासला. रेघा शाबूत. टाचेची बाहेरची कड शाबूत. आणि बायको डाव्या टाचेवर भार देऊन चालते हे त्यांना ठाऊक होते, तिथे तर आधी झिजायला हवे होते. वरच्या चामड्याला मात्र चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी फुगवटा आला होता, आत काहीतरी कोंबून ठेवल्यासारखा. पुरावा सोळा वर्षे काचेत होता. तो त्यांनी स्वतः, झाडून-पुसून, सोल पुढे करून मांडला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून पाहायला सांगितला होता.

तरीही एक पळवाट उरली होती, आणि ती त्यांनी धरून ठेवली. वयाबरोबर पाय पसरतो. कदाचित तेव्हा तो खरोखर दोनशे अठ्ठावीस असेल; कदाचित पहिला जोड बसला असेल आणि पाय नंतर वाढला असेल. हे पडताळून पाहता येण्यासारखे होते. वस्ताद जाऊन अकरा वर्षे झाली होती, पण त्यांच्या चौदा मापवह्या माळ्यावरच्या पेटीत तारीखवार लावलेल्या होत्या. मास्तरांनी सव्वीस वर्षांपूर्वीची वही काढली. तेव्हा तरुण असलेल्या आणि आता पुन्हा माप देऊन गेलेल्या तीन बायका त्यांना सापडल्या. पहिलीचा पाय तीन मिलिमीटरने वाढला होता, दुसरीचा दोनने, तिसरीचा चारने. बारा कोणाचाच नाही.

ते पुढची पाने उलटत राहिले ते केवळ हाताला सवय होती म्हणून. स्वतःच्या कामाच्या पहिल्या आठवड्यात येऊन ते थांबले. पानभर दोन पाय गिरवलेले होते. करंगळ्या सरळ होत्या. खाली वस्तादांचे तिरपे, दाबून लिहिलेले अक्षर :

‘नव्या कारागिराची मंडळी. डावा २३७, उजवा २३६. नजर कच्ची. हात पक्का. ठेवावा. आजपासून प्रत्येकाचे माप कागदावर.’

मास्तरांनी ते पुन्हा वाचले. पानावरची तारीख पाहिली, शाई पाहिली, मागची-पुढची पाने पाहिली. मध्ये काही नंतर घुसवलेले नव्हते. मग माळ्यावरून खाली वाकून त्यांनी भिंतीवरची पाटी पाहिली. कच्च्या नजरेच्या माणसांसाठी होती ती. ते स्वतःच तसे सांगत आले होते.

खाली उतरून ते बाहेरच्या बाकावर बसले. चामडे कापणारा कारागीर दारात आला. “मास्तर, बरं वाटत नाही का?”

“माप चुकलं.”

“कुणाचं?”

मास्तरांनी दारातून आत भिंतीवरच्या पाटीकडे पाहिले. हजारो गिऱ्हाइके त्या पाटीने वाचवली होती. ज्याला नजरेच्या भरवशावर सोडले होते ते एकच माणूस घरात होते, आणि ते सकाळी त्यांचा डबा भरून देत होते.

मापाचा कागद घेऊन ते म्हाताऱ्याकडे गेले. “पाठ होतं ना?” म्हातारा म्हणाला.

“नव्हतं.”

म्हाताऱ्याच्या जिभेवर काहीतरी तयार होते, पण मास्तरांचा चेहरा पाहून त्याने ते गिळले आणि लाकूड निवडायला उठला.

सतरा दिवस मास्तर घरात कमी बोलले. बायकोने एकदा कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. जोड त्यांनी एकट्याने शिवला. एरवी दुसऱ्यांना देत ती टाचेची शिलाईसुद्धा. हात पक्का, एवढे तरी लेखी होते.

शेवटच्या फेरीच्या सकाळी त्यांनी खोके खुर्चीवर ठेवले.

“अजून वर्ष आहे की,” बायको म्हणाली. मग तिने खोके उघडले. तिने जोड पायात घातला, दारापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली.

“बरोबर बसले,” ती म्हणाली.

तेच दोन शब्द, त्याच आवाजात. मास्तरांनी खाली बसून जोड्याच्या टोकावर अंगठा दाबला. बोटांपुढे हवी तेवढी जागा होती. अंगठा सांगत होता की हे खरे आहे. तिच्या आवाजावरून मात्र काहीच सांगता येत नव्हते.

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय.”

“पहिल्या वेळीही हेच म्हणाली होतीस.”

ती खुर्चीवर बसली. “पोरीनं सांगितलं का?”

“पोरीनं कपाटाचं सांगितलं. बाकीचं वस्तादांनी.”

“ते तर कधीच गेले.”

“वहीत लिहून गेले.”

“हं.” तिने जोड्याच्या नाड्या सोडल्या, परत बांधल्या. “तुम्ही चामडं आणायला गेला होतात. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, पोरी, आता खरं काय ते सांग. मी म्हटलं, यांचं काम काढून घेणार असाल तर बरोबर बसलेत. नसाल तर चावतात.”

“मग?”

“हसले. म्हणाले, शिलाई बघितलीस का? असा हात दहा वर्षांत आला नाही माझ्याकडे. डोळ्यांचा बंदोबस्त मी करतो. आणि मला कागदावर उभं केलं.”

“आणि मला कोण सांगणार होतं?”

“मीच. घरी आले तर तुम्ही शेजारच्या चार माणसांना गोष्ट सांगत बसला होतात. पाय पाहिला की आकडा दिसतो. म्हटलं, आज नको, उद्या सांगू.” तिने नवऱ्याकडे पाहिले. “तो उद्या राहून गेला, अहो. चार वर्षं घातले मी तुमचे जोड, अक्षरशः घातले. मग फेरीचं काम लागलं. पहिल्या आठवड्यातच तयार बूट घेतले. आठ किलोमीटर होतं ते, तिथे प्रेमाचा काय उपयोग?”

“काचेत मांडत होतो मी ते. लोकांना बोट लावायला सांगत होतो.”

“माहीत आहे. म्हणून मी तुमच्या गल्लीतून कधी गेले नाही. दोन गल्ल्या वळसा पडायचा. तुमच्या पुठ्ठ्यावर आठ लिहिलंय ना, ते साडेआठ आहे.”

मास्तरांना हसू येईल असे तिला वाटले असावे. ते आले नाही. त्यांनी फक्त विचारले, “आज कपाट उघडणार?”

“उशीर होतोय,” ती म्हणाली आणि नव्या जोडानिशी बाहेर पडली. खिडकीतून बसथांब्यापर्यंतची दीडशे पावले दिसत. ती सरळ चालत होती. पण दीडशे पावले तर ती नेहमीच सरळ चालत असे.

त्या दिवशी दुकानाच्या दर्शनी काचेतली ती जागा रिकामी होती. पुठ्ठाही काढलेला होता. मास्तरांनी दोनदा एकाच जागी टाका घातला आणि दोनदा उसवला.

संध्याकाळी दार वाजले तेव्हा ते आधीच उठून उभे होते. बायकोने जोड काढून भिंतीशी ठेवले. मास्तरांनी डावा उचलला आणि उलटा केला. सोलच्या रेघांत चिखल बसला होता. टाचेच्या बाहेरच्या कडेची धार गेली होती. एका दिवसात जाते तेवढीच, पण गेली होती. एक बारीक खडा रेघेत अडकला होता. तो त्यांनी नखाने काढला आणि कितीतरी वेळ चिमटीत धरून ठेवला.

“बरोबर बसले असं मी म्हणाले, पण एकदम तसं नाही,” मागून बायको म्हणाली. “डावा करंगळीपाशी लागला. सोळाव्या घराच्या मीटरनंतर.”

“कुठे? नीट दाखव.”

“इथे. वाकडी आहे ना ती, म्हणून असेल.”

मास्तरांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, जमिनीवर पसरला आणि पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर बसले. ती कागदावर उभी राहिली. त्यांनी टाचेपासून रेघ ओढायला सुरुवात केली. पेन्सिल तिरपी पडत होती.

“पेन्सिल उभी धरा,” ती वरून म्हणाली. “वस्ताद उभी धरायचे.”